तो गाल माझा नाही

आमच्या शेजारचे टेंबे अर्धीच दाढी करतात. अर्धवट नव्हे, अर्धीच. नाकाच्या शेंड्यापासून हनुवटीच्या खळीपर्यंत एक रेघ ओढली, तर रेघेच्या उजवीकडचा गाल गुळगुळीत आणि डावीकडे पाच-सहा दिवसांचे पांढरे खुंट. रेघ इतकी सरळ, की पट्टी लावून आखली असावी. उजवीकडून पाहिलं तर निवृत्त सरकारी अधिकारी आणि डावीकडून पाहिलं तर सुतकातला माणूस. समोरून पाहायला मी अजूनही कचरतो.

दीड वर्षापूर्वी आम्ही नारायण पेठेतल्या या इमारतीत राहायला आलो. खालचे दोन मजले क्लासवाल्यांचे आणि एका छापखानेवाल्याचे, त्यामुळे संध्याकाळनंतर तिथे कुणी नसतं. तिसऱ्या मजल्यावर दोनच फ्लॅट, एक आमचा आणि एक टेंब्यांचा. पहिल्याच आठवड्यात ते लिफ्टमध्ये भेटले. उजवी बाजू माझ्याकडे होती. मी नमस्कार केला, ते वळले आणि मला डावी बाजू दिसली. गडबडीत दिवे गेले की काय होतं माणसाचं, ते मला माहीत आहे. मी चांगुलपणाने म्हणालो, "अहो, तुमची डावी बाजू राहिलीय."

"राहिली नाही," टेंबे म्हणाले. "तो गाल माझा नाही."

एवढ्यात लिफ्ट थांबली. ते खाली उतरून निघूनही गेले आणि मी तसाच पुन्हा तिसऱ्या मजल्यावर आलो.

सुमेधा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "नवस असेल." मी म्हणालो, अर्ध्या गालाचा नवस कुठला देव घेतो? ती म्हणाली, पुण्यातला घेत असेल. विषय तिथे संपला असता. पण आमच्या बाथरूमची आणि टेंब्यांच्या बाथरूमची खिडकी एकाच डक्टमध्ये उघडते.

मी सव्वासहाला आंघोळीला जातो. इन्शुरन्सच्या नोकरीतून निवृत्त झालो तरी ती वेळ सुटलेली नाही. एके दिवशी बादली भरत होती आणि पलीकडून आवाज यायला लागला. खस्स, खस्स, खस्स. लाकडावर काहीतरी घासल्याचा. तो थांबला. मग टेंब्यांचा आवाज आला, अगदी मऊ. "डोळे मिट. मिटलेस? आता सांग, कोण आहे?"

मग दुसरा आवाज म्हणाला, "माहीत नाही."

"नीट सांग. कोण आहे?"

"ओळखत नाही मी."

"मग हाही नाही," टेंबे म्हणाले, आणि नळ सुटला.

टेंबे एकटे राहतात. दारावर एकच नाव, दुधाची एकच पिशवी, बाहेर चपलांचा एकच जोड. बरं, दुसरा आवाज कुणा पाहुण्याचा म्हणावा, तर तोही टेंब्यांचाच होता. तोच घसा, तोच किंचित नाकातला सूर. फक्त जरा दमलेला आणि जरा लांबून आल्यासारखा. मी बादलीभर पाण्यापुढे तसाच उभा राहिलो आणि त्या दिवशी आंघोळ न करताच बाहेर आलो. मला भीती वाटली, हे सांगायला मला लाज वाटत नाही. सुमेधाने दुसऱ्या दिवशी स्वतः ऐकलं आणि त्यानंतर तिने ते बाथरूम मला एकट्याला देऊन टाकलं.

टेंबे वजनमापे खात्यात निरीक्षक होते. उभी हयात दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेली. त्यामुळे ते कुठलीही गोष्ट मोजल्याशिवाय बोलत नाहीत. जिन्याला पायऱ्या किती, तर चोपन्न, पैकी एकोणिसावी पायरी बारा मिलिमीटरनी उंच, म्हणून सगळे तिथेच ठेचकाळतात. कोपऱ्यावरचा चहा पूर्वीपेक्षा अठरा मिलिलिटरनी कमी येतो. "मापात आहे का?" हा त्यांचा आवडता प्रश्न. सुमेधाने संक्रांतीला तिळाचे लाडू दिले, तर म्हणाले, "चव उत्तम. मापात दोन उणे." ती तेव्हापासून त्यांना मोठे लाडू देते आणि पाठीमागे त्यांना माप म्हणते.

कुरिअरवाले त्यांची पाकिटं कधी कधी आमच्याकडे टाकून जातात. लहान, हलकी, खोक्याच्या आकाराची. असं एक पाकीट घेऊन मी गेल्या उन्हाळ्यात पहिल्यांदा त्यांच्या घरात शिरलो. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजांना दाढीचे ब्रश टांगलेले होते, मुठी वर आणि केस खाली. मी मोजले, तर चौदा भरले. प्रत्येकाला दोऱ्याने नंबराची चिठ्ठी बांधलेली. वाऱ्याने ते सगळे एकदम हलले आणि मुठी एकमेकींवर टकटकल्या.

"सिंथेटिक," टेंबे म्हणाले. "जनावराचा केस एकातही नाही."

मी काही विचारलं नव्हतं. पण पाकीट फोडता फोडता त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. सिंथेटिकच्या अंगात पाणी मुरत नाही. त्यामुळे फेस चटकन होतो, पण हात जरा जोरात फिरला की गालापेक्षा भिंतीवर जास्त. त्यात दोन जाती. एक लोण्यासारखी मऊ, गालावर पसरते आणि तिथेच बसते, परत उठत नाही. दुसरी तारेसारखी, दाबली की उसळते. पुन्हा झुबक्याची जाडी, केसांची उंची आणि टोकं कशी कापलीत ते वेगळंच. कॅलिपर आणून त्यांनी नव्या ब्रशचा झुबका मोजला, वहीत आकडा लिहिला आणि चिठ्ठीवर पंधरा घातला.

"पण इतके कशाला लागतात?" मी विचारलं.

"एकच लागतो," टेंबे म्हणाले. "तो सापडेपर्यंत इतके."

तेवढ्यात माझं लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे गेलं. बेसिनच्या वर भिंतीवर एक फिकट चौकोन होता आणि त्याच्या चार कोपऱ्यांत स्क्रूची चार भोकं. आरसा काढलेला. आतल्या खोलीतल्या कपाटाच्या आरशावर वर्तमानपत्र चिकटवलेलं होतं, कडेपासून कडेपर्यंत, एक फटही न ठेवता. स्टीलचा डबा पालथा करून ठेवलेला होता आणि त्यावरही फडकं. या घरात चेहरा दिसेल अशी एकही जागा नव्हती. आणि हा माणूस त्यात रोज मिलिमीटरच्या हिशेबाने अर्धी दाढी करत होता.

मी निघायला उठलो, तर म्हणाले, "पाच मिनिटं गाल द्याल का?"

लोक साखर मागतात, शिडी मागतात. गाल मागितल्यावर नाही कसं म्हणायचं, हे मला सुचलं नाही. त्यांनी मला स्टुलावर बसवलं, खांद्यावर पंचा टाकला आणि ते माझ्या पाठीमागे गेले. "डोळे मिटा," ते म्हणाले. डक्टमधून येत असे, अगदी त्याच सुरात. मग उजव्या गालावर कोमट फेस लागला आणि ब्रश गोल गोल फिरायला लागला.

"कोण आहे?" मागून आवाज आला.

"तुम्ही," मी म्हणालो. "टेंबे."

"मी आहे हे मला माहीत आहे. गालाला विचारा. कुणाचा हात वाटतो?"

पहिल्या ब्रशला कुणाचाच हात वाटला नाही. दुसऱ्याला नाही, तिसऱ्याला नाही. दर वेळी ते फेस पुसत, पेनाचा आवाज होई आणि पुढचा ब्रश येई. चौथा लागला आणि माझ्या अंगावर काटा आला. मी सहा वर्षांचा होतो, आमचे अण्णा पडवीत दाढीला बसले की मला मांडीवर घेत आणि उरलेला फेस माझ्या गालाला लावून बोटाने ओढून काढत. ही गोष्ट मला पन्नास वर्षांत एकदाही आठवली नव्हती. आता अण्णा माझ्या मागे उभे होते. म्हणजे नव्हते, हे मला कळत होतं, पण डोळे उघडून वळून पाहायची हिंमत मला झाली नाही.

"वडील," मी म्हणालो.

"नंबर अकरा," टेंबे म्हणाले आणि त्यांनी वहीत लिहिलं: अकरा, शेजारी, वडील. "बरं वाटलं का भेटून?"

मी गालावर फेस तसाच घेऊन घरी आलो. सुमेधाने विचारलं, काय झालं. मी म्हणालो, काही नाही, टेंबे दाढी करून देत होते. तिने माझ्या हातात पंचा दिला. मग म्हणाली, "उद्यापासून त्यांच्याकडे पाकीट मी नाही, तूही नाही. कुरिअरवाल्यालाच सांगायचं."

पण महिनाभरानंतर एका शनिवारी संध्याकाळी टेंबेच आमच्या दारात आले. उभ्या उभ्या म्हणाले, "उद्या कात्रजला यायचं आहे. समोर बसायला एक माणूस हवा. तुमचा चेहरा त्यासाठी योग्य आहे. तो कुणासारखाच नाही."

हे कौतुक होतं की काय, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. सुमेधा आतून आली आणि तिने सरळ विचारलं, "टेंबे, आधी सांगा, तुमच्या बाथरूममध्ये दुसरं कोण असतं?"

टेंबे खुर्चीवर बसले. पहिल्यांदाच आमच्या घरात बसले. आणि मापून मापून, जितकं लागेल तितकंच बोलले.

त्यांना एक भाऊ आहे, दिनू. जुळा. चेहरा एक, आवाज एक. फरक इतकाच, की हे उजवे आणि तो डावखुरा. दोघांनीही लग्न केलं नाही, कधी वेगळे राहिले नाहीत. शिकायला पुण्यात आले तेव्हा एका भाड्याच्या खोलीत राहायचे. खोलीत आरसा नव्हता. घ्यायचं कुणाच्या मनातही आलं नाही, कारण समोर तोच चेहरा होता. दोघांत एक ब्रश, डुकराच्या केसांचा, लाकडी मुठीचा. समोरासमोर बसून दाढी करायचे. आपापला उजवा-डावा सोयीचा गाल आपण करायचा आणि अडचणीचा गाल दुसऱ्याने.

"माझा उजवा मी. माझा डावा दिन्या," टेंबे म्हणाले. "त्याचा डावा तो. त्याचा उजवा मी. पुढे घर झालं, आरसे आले, तरी तेच. पन्नास वर्षं माझ्या डाव्या गालाला मी ब्रश लावलेला नाही. आता खुंट वाढले की कात्रीने कापतो. तेवढं चालतं."

चार वर्षांपूर्वी दिनूला विसर पडायला लागला. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग माणसं. मग आरशातला माणूस त्याला ओळखू येईना. कोणीतरी म्हातारा घरात शिरलाय आणि आपल्याकडे टक लावून बघतोय, असं वाटून तो ओरडायचा. टेंब्यांनी आरसे काढले, झाकले. त्यानंतर एका सकाळी टेंबे चहा घेऊन त्याच्या समोर गेले आणि दिनू किंचाळून भिंतीला टेकला. आरशातला माणूस बाहेर आला होता.

सुमेधाने पाण्याचा पेला टेंब्यांपुढे ठेवला.

"म्हणून त्याला कात्रजला, विसर पडलेल्या म्हाताऱ्यांच्या संस्थेत ठेवावं लागलं," टेंबे म्हणाले. "मला बघितलं की ओरडतो. पण मागून गेलो, त्याला डोळे मिटायला लावले आणि तो ब्रश गालाला लावला, की म्हणायचा, आलास का मध्या. आठवड्यातून दोनदा, गुरुवारी आणि रविवारी. आठ मिनिटं. डोळे उघडायच्या आत मी बाहेर."

"मग नवा ब्रश कशाला हवा?" मी विचारलं.

टेंब्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. संस्थेने फलक लावला होता, वैयक्तिक वस्तू निर्जंतुक करून आणाव्यात. निर्जंतुक म्हणजे किती, ते लिहिलं नव्हतं. दुसरा कुणी ब्रश गरम पाण्यात बुचकळून मोकळा झाला असता. टेंब्यांनी नियम पाळायचा म्हणून एकशेवीस अंश धरले. घरात एकशेवीस अंश एकाच भांड्यात होतात. त्यांनी ब्रश कुकरला लावला आणि तीन शिट्ट्या घेतल्या.

"झाकण काढलं तेव्हा मूठ एकीकडे आणि केस एकीकडे," ते म्हणाले. "दोष कुकरचा नाही. मी चौथी शिट्टी व्हायच्या आत बंद केला होता."

मला हसू आलं होतं ते मी गिळलं. सुमेधा हसली नाही.

केसांचा नवा ब्रश टोचला म्हणून दिनूने ढकलून दिला. तिथल्या सिस्टर म्हणाल्या, केसांचा नकोच, सिंथेटिक आणा, झटकला की वाळतो, आमच्याही नियमात बसतो. आता प्रश्न असा होता, की बाजारातला कुठला सिंथेटिक ब्रश पन्नास वर्षं झिजलेल्या डुकराच्या केसांसारखा लागेल. म्हणून ती खिडकी, ती वही, पाटावर रोज ब्रश घासून झिजवणं. म्हणून दोन आवाजही. दिनू काय म्हणेल, याचा ते सराव करत. आवाज एकच असल्यामुळे सोपं जातं, असं म्हणाले. पाच वेळा वेगवेगळे ब्रश घेऊन जाऊन आले होते. पाचही वेळा दिनू "कोण आहे" म्हणून ओरडला होता, डोळे उघडून त्याने तोच चेहरा पाहिला होता, आणि मागच्या खेपेला खुर्चीवरून पडला होता.

"उद्याही तसंच झालं, तर भेटी बंद," टेंबे म्हणाले. "तिथल्या डॉक्टरांनी तसं सांगितलंय, आणि त्यांचं म्हणणं बरोबर आहे. मी त्यांच्या जागी असतो तर आधीच बंद केल्या असत्या. म्हणून तुम्ही समोर बसा, डोळे उघडले तर त्याला तुमचाच चेहरा दिसू दे."

रविवारी सकाळी दहाला आम्ही कात्रजच्या डेअरीच्या पुढे एका शांत गल्लीतल्या संस्थेत पोचलो. टेंब्यांच्या पिशवीत अकरा नंबर होता. ते बाहेर बाकावर बसले, बूट काढून मोज्यांवर. मी सिस्टरबरोबर आत गेलो.

खिडकीशी खुर्चीत टेंबे बसले होते. सांगून सवरून आलो होतो तरी माझे पाय थबकले. तेच कपाळ, तीच खळी, त्याच कानांच्या लोंबत्या पाळ्या. फक्त या चेहऱ्यावर दोन्ही गालांना खुंट होते. मी समोर स्टूल घेऊन बसलो आणि म्हणालो, "दिनूभाऊ, आज दाढी आहे. डोळे मिटा बघू." त्याने लहान मुलासारखे लगेच मिटले.

दार वाजलं नाही. पाऊल वाजलं नाही. खुर्चीच्या मागून तोच चेहरा वर आला. एकाच्या डोक्यावर दुसरं डोकं, एकाचे डोळे मिटलेले आणि दुसऱ्याचे उघडे. खोलीत भरपूर ऊन होतं आणि बाहेर कुणीतरी भांडी घासत होतं.

ब्रश उजव्या गालावर फिरायला लागला. मध्ये एकदा थांबला, पुन्हा फिरला. टेंब्यांनी काही विचारलं नाही. इतके महिने सराव केलेला प्रश्न त्यांच्या तोंडून बाहेर येईना. सिस्टर दाराशी उभ्या होत्या. दिनूच्या कपाळावर आठी उमटली. मी खुर्ची धरायला हात पुढे केला.

"ब्रश नवा आणलास काय रे?" दिनू म्हणाला.

टेंब्यांचा हात हवेत राहिला.

"जुना कुठंय, मध्या?"

"जुना," टेंबे म्हणाले, "मी कुकरला लावला."

दिनूचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, सुरू झालं. पण तो हसत होता, मिटल्या डोळ्यांनी, फेसातून. "तू म्हणजे," तो म्हणाला. पुढचं हसण्यातच गेलं. अकरा नंबर काही त्या ब्रशसारखा नव्हता. पंधरांतला एकही नसावा. नवा ब्रश ओळखून त्याच्या मागचा हात ओळखणं, हे टेंब्यांनी वहीत कुठे धरलंच नव्हतं.

दोन्ही गालांची दाढी झाली. सेफ्टी रेझर पिशवीत गेला. टेंबे मागे सरकणार, तेवढ्यात दिनूने डावा हात वर केला आणि बोटं उघडली. "दे इकडे. तुझं राहिलंय."

टेंब्यांनी ब्रश त्याच्या हातात दिला आणि त्याच्या डाव्या खांद्यावरून वाकून आपला चेहरा पुढे आणला. आता त्यांनीही डोळे मिटले होते. दिनूचा हात चाचपडला नाही. ब्रश थेट डाव्या गालावर गेला, कानापासून खाली, मग गोल. "वाढवलीस किती," तो म्हणाला. रेझर त्याच्या हातात देता येत नव्हता. त्यामुळे फेस लावून झाला, तिथेच सगळं संपलं. सिस्टरनी खूण केली. टेंबे मोज्यांवर चालत, गालावर फेस घेऊन बाहेर गेले.

मी पंच्याने दिनूचा चेहरा पुसला. त्याने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "तो म्हातारा गेला का?"

"गेला," मी म्हणालो.

"मध्याला सांगू नका हं त्याच्याबद्दल. मध्या घाबरट आहे."

सिस्टर बाहेर येऊन टेंब्यांना म्हणाल्या, "गुरुवारी या. मागूनच या." टेंब्यांनी वहीत काही लिहिलं नाही.

परतताना रिक्षात ते माझ्या उजवीकडे बसले होते, त्यामुळे त्यांची डावी बाजू माझ्याकडे होती. स्वारगेटपर्यंत फेस वाळून पांढरा झाला होता आणि त्याचे तुकडे शर्टावर पडत होते. दिनू मला काय म्हणाला, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सिग्नलला रिक्षावाल्याने आरशातून दोनदा पाहिलं आणि न राहवून म्हणाला, "काका, गालाला साबण राहिलाय. पुसून टाका."

मी खिशातून रुमाल काढला. टेंब्यांनी माझा हात खाली दाबला आणि तो नारायण पेठ येईपर्यंत तसाच धरून ठेवला.

"राहू द्या," ते म्हणाले. "तो गाल माझा नाही."